उडी सोपी, उतरणे अवघड

लालबागच्या आमच्या गल्लीत मागच्या वर्षी गटाराचे खोदकाम निघाले, तेव्हा रस्त्याच्या कडेला मातीचा एक ढिगारा महिनाभर पडून होता. आम्हा म्हाताऱ्यांना तो अडथळा वाटला, पोरांना ती संधी वाटली. एका रात्री त्यांनी ढिगाऱ्याला फळी टेकवली आणि त्यावरून मोटारसायकल उडवायला सुरुवात केली. पहिल्या दोघांनी टाळ्या मिळवल्या. तिसरा फळीच्या टोकाशी पोहोचताच बिचकला. त्याने ॲक्सिलेटर एकदम सोडला, गाडीचे तोंड खाली गेले आणि पुढचे चाक आदळताच तो हँडलवरून फेकला गेला. मनगट मोडले, गळ्याजवळचे हाड मोडले, जीव वाचला. गाडीचे अकरा हप्ते बाकी होते. तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे माझे लक्ष हप्त्यांकडे आधी जाते, त्याला इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी चाळीने निकाल दिला: मस्ती, दुसरे काय! कुणी मोबाईलवरच्या व्हिडिओंना दोष दिला, कुणी आईबापांना. पण या पोराला ही उडी नीट शिकायचीच असती तर तो गेला कुठे असता, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

कारण हा प्रकार नुसता उनाडपणा नाही, तो एक रीतसर खेळ आहे. इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीच्या माळावर १९२४ साली मोटारसायकलींची जी शर्यत झाली, तिच्यापासून मोटोक्रॉसचा उगम मानतात. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टेडियममध्ये मातीचे उंचवटे रचून हा खेळ शहरात आणला गेला आणि त्यातून सुपरक्रॉस रूढ झाला. आपल्याकडे २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. म्हणजे ज्या उडीसाठी आमच्या गल्लीत शिव्या पडतात, तिला बालेवाडीत तिकीट लागले.

फरक आहे तो शिक्षणाचा. या खेळातले जाणकार पहिला धडा देतात तो उडीचा नव्हे, जमिनीचा. आधी साऱ्या मार्गावरून गाडी सावकाश फिरवायची आणि प्रत्येक उंचवट्यापलीकडे काय आहे ते डोळ्यांनी पाहायचे. नवख्याने शिकायचे ते सपाट माथ्याच्या उंचवट्यावर. तिथे उडी कमी पडली तरी गाडी माथ्यावरच टेकते. दोन उंचवट्यांमध्ये खड्डा असेल तर त्याच चुकीला क्षमा नाही. फूटपेगवर उभे राहायचे, गुडघे किंचित वाकवून टाकी दोन्ही बाजूंनी धरायची, चढावर वेग एकसारखा ठेवायचा. टोकाशी ॲक्सिलेटर सोडला की तोंड खाली जाते. आमचा पोरगा नेमका इथेच चुकला. हवेत असताना तोंड फार खाली जाऊ लागले तर थोडा ॲक्सिलेटर द्यायचा, फार वर जाऊ लागले तर क्लच धरून मागचा ब्रेक हलकेच दाबायचा. फिरत्या चाकाचा वेग बदलला की गाडीचा तोल बदलतो, हे त्यामागचे साधे पदार्थविज्ञान. आणि उतरायचे ते सपाटीवर नव्हे, पलीकडच्या उतारावर.

एक मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा खाली येण्याचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर झालेला असतो. उतार तो वेग अलगद वळवतो, सपाट जमीन जागच्या जागी तोडते. तो धक्का मग गाडीने आणि माणसाच्या हाडांनी पचवायचा. मोटोक्रॉसच्या गाडीचे सस्पेन्शन साधारण ३०० मिलिमीटर दबते. आपण हप्त्यांवर घेतो त्या रोजच्या गाडीचे त्याच्या निम्मेही नाही. माझ्या भाषेत सांगायचे तर उडी हे कर्ज आहे आणि उतरणे ही परतफेड. कर्ज मंजूर करताना परतफेडीची ऐपत न पाहणाऱ्या अधिकाऱ्याची काय गत होते, ते मी जवळून पाहिले आहे.

हे ज्ञान आपल्या भागाला परके नाही. दादरच्या शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिरात पिढ्यान् पिढ्या मुले मल्लखांब शिकली. तिथले गुरू उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. खांबावरून सुटलेले शरीर जमिनीवर कसे यावे, हा त्या विद्येचाच भाग आहे. आमच्या गल्लीतल्या गोविंदांचीही तालीम दहीहंडीच्या कितीतरी आधी, खालच्या थरांपासून सुरू होते. पडणाऱ्याला झेलायला खाली माणसे असतात. तरीही अपघात होतात. पण न शिकता नवव्या थरावर चढ, असे कुणी कुणाला सांगत नाही. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र आपण पोराच्या हाती किल्ली देतो आणि मोकळे होतो.

मग आपल्याला आठवतो तो कायदा. सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यती लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाने गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला अथवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे हवेच. रस्त्यावर उडालेली गाडी कुणाच्या तरी आजीच्या अंगावर उतरते. परंतु दंड फक्त ‘इथे नको’ एवढेच सांगतो. ‘मग कुठे’ याचे उत्तर त्याच्यापाशी नसते.

परळ-लालबागला हे उत्तर एकदा मिळू शकले असते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी ठेवला होता. २००१ च्या बदलाने हा हिशेब केवळ आधीच रिकाम्या असलेल्या भूखंडापुरता उरला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. मैदाने होण्याच्या जागी मनोरे झाले. त्यांच्या तळघरांत गाड्यांना जागा आहे, पोरांना नाही.

आता शिवडीपासून पुढच्या बंदराच्या जमिनींची चर्चा चालते. त्यांतल्या एका कोपऱ्यात मातीचा एक लहानसा सरावमार्ग करता येणार नाही का? धूळ उडेल, आवाज होईल, हे आक्षेप खरे आहेत. म्हणूनच तो वस्तीपासून दूर हवा, त्याच्या वेळा ठरलेल्या हव्यात. मातीवर पाणी मारलेले असावे, उंचवट्याशी पिवळा झेंडा घेतलेला माणूस उभा असावा, शिकवणारा असावा आणि हेल्मेट-बुटांशिवाय आत प्रवेश नसावा. ज्याला उडायचेच आहे तो उडणार. त्याने कुठे उतरायचे, एवढेच शहराच्या हाती असते.

आमच्या पोराचे मनगट आता सांधले आहे. हप्ते त्याचे वडील भरतात. खोदकाम संपल्यावर ढिगारा महापालिकेने उचलून नेला. फळी मात्र अजून जिन्याखाली उभी आहे. ती कुणी फेकलेली नाही.