ऊसतोड मजुराचा मालक कोण? कारखान्यांनी उत्तर द्यावे!

ऊसतोड बंधू-भगिनींनो,

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्या-तांड्यांत म्हातारी माणसं उरतात. बाकीचे ट्रॅक्टर-ट्रकांत बसून कोल्हापूर, सांगली, सोलापूर गाठतात. कुणी थेट बेळगाव, बागलकोट. पाच-सहा महिने राबतात, पण एकाही कारखान्याच्या हजेरीपुस्तकात त्यांचं नाव नसतं.

कारखाना म्हणतो, आमचा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी फक्त टोळी आणतो. शेतकरी म्हणतो, तोडणी-वाहतूक माझ्या ऊसबिलातून कापलीच आहे, आणखी मला काय विचारता? गाडी उलटली, बैल मेला, बाळंतीण अडली, की तिघंही हात वर करतात. आम्ही सांगतो मालक कोण ते. आज कोणता फड तोडायचा हे ज्याचा चिटबॉय सांगतो, ऊस ज्याच्या काट्यावर मोजला जातो, साखर ज्याच्या गोदामात पडते, तोच मालक!

बाईचे हाल तर विचारूच नका. पहाटेच्या अंधारात ती फडात उतरते. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधते, एकेक मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढते. पोटुशी असली तरी चढते. कोपीवर परतली की चूल, पाणी, लेकरं. मात्र नवरा-बायको मिळून कोयता एकच, आगाऊ उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेबही त्याच्याशीच. ती आजारी पडली की खाडा लावून पैसे कापायचे! 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, अहवाल आला. ज्या फडात तिला अजून आडोसा नाही, तिथे तो अहवाल पोचलाच नाही.

जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनाला 366 रुपये झाला. संघटित होऊन मागितली म्हणून ही वाढ मिळाली. पण हंगामाअखेर उचल फिटत नाही, बाकी पुढच्या सालावर चढते आणि त्याच मुकादमाकडे परत जावं लागतं. दुसरीकडे चांगलं काम मिळत असलं तरी पाय अडकलेला! नुसत्या दरवाढीने ही बेडी तुटणार नाही.

म्हणून यंदा उचल घेण्याआधी टोळीने एकत्र बसून कारखान्याकडे मागा: प्रत्येक बाई-पुरुषाची स्वतंत्र नोंद आणि स्वतंत्र बँक खात्यात मजुरी, खाडा बंद, तळावर पाणी, शौचालय, पाळणाघर आणि उचलीचा लेखी हिशेब प्रत्येकाच्या हातात. कारखान्याची सही झाल्याशिवाय गाडीत पाऊल टाकू नका!