अवकाशातील सत्तासंतुलन आणि पारड्यातील माणूस

भारतीय भाषांतील विज्ञानकथेविषयी अभ्यासकांच्या वर्तुळात एक तक्रार वारंवार ऐकू येते. ह्या कथेत ग्रहमालांची साम्राज्ये नाहीत, तारकासंस्कृतींमधील महायुद्धे नाहीत, युद्धोत्तर तह आणि त्यांतून घडणारे सत्तासंतुलन नाही. म्हणून ती अद्याप बाल्यावस्थेतच आहे, असे ह्या तक्रारीचे सार. तुलनेसाठी पुढे केला जातो तो आयझॅक असिमॉव्ह ह्या अमेरिकन लेखकाचा ‘फाउंडेशन’ हा कथासमूह. त्यातील पहिली कथा १९४२ साली, म्हणजे दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना प्रसिद्ध झाली. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाविषयीचा गिबनचा इतिहास तिच्या मुळाशी आहे, हे स्वतः लेखकानेच सांगितले आहे. मध्यवर्ती साम्राज्य ढासळते, परिघावरची राज्ये परस्परांना धाकात ठेवतात आणि विज्ञान जाणणारा एक लहानसा समूह त्या समतोलाचा उपयोग करून टिकून राहतो. असे काही बंगालीत किंवा मराठीत कोणी लिहिले आहे काय, असा प्रश्न मग विचारला जातो.

प्रश्न रास्त आहे. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र रास्त नाही. बंगाली आणि मराठी ह्या दोन्ही साहित्यांनी महायुद्धानंतरच्या सत्तेचा विचार केला आहे. तो त्यांनी निराळ्या जागी उभे राहून केला, एवढेच. ही जागा कोणती, हे कळण्यासाठी ‘संतुलन’ ह्या शब्दातील तराजूकडे नीट पाहावे लागते. तराजूला दोन पारडी असतात, तो धरणारा एक हात असतो आणि पारड्यात घातली जाणारी वस्तू असते. मुत्सद्देगिरीचा इतिहास हाताविषयी आणि पारड्यांविषयी बोलतो, वस्तूविषयी क्वचितच. आजचे कोलकाता, तेव्हाचे कलकत्ता, हे शहर ह्या दृष्टीने मोठे बोधक आहे. सप्तवार्षिक युद्धात, १७५७ साली, इंग्रजांनी कलकत्त्याच्या उत्तरेचे चंदननगर फ्रेंचांकडून जिंकून घेतले. १७६३ च्या पॅरिसच्या तहाने ते फ्रेंचांना परत मिळाले. युरोपातील समतोल साधण्यासाठी हुगळीकाठचे एक गाव एका पारड्यातून दुसऱ्या पारड्यात गेले. त्या गावातील विणकरांना कोणी काही विचारले नव्हते.

वस्तूच्या ठिकाणाहून तराजूकडे पाहणे ही बंगाली विज्ञानकथेची जुनी खोड आहे. बेगम रोकेया ह्यांचे ‘सुलतानाज ड्रीम’ १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात प्रसिद्ध झाले, १९०८ साली कलकत्त्यात पुस्तकरूपाने निघाले आणि पुढे त्यांनी स्वतःच ते बंगालीत आणले. ह्या कथेतील स्त्रीराज्याचा पायाच एका महायुद्धात आहे. आश्रयाला आलेल्या परदेशीयांना परत पाठवण्यास राणी नकार देते, शेजारचा राजा चढाई करतो, पुरुषांच्या सेना पराभूत होतात. तेव्हा विद्यापीठातील स्त्रिया सूर्याची उष्णता एकवटून शत्रूवर सोडतात आणि युद्ध संपते. त्यापुढे रोकेया जे करतात ते लक्षणीय आहे. विजयी राणी शत्रूचा मुलूख खालसा करीत नाही, मांडलिक राज्यांची साखळी उभारीत नाही. सत्तेची उलथापालथ देशाच्या सीमेवर होत नाही, ती घराच्या उंबरठ्यावर होते: पुरुष ‘मर्दान्या’त जातात आणि स्त्रिया बाहेर येतात. सत्तासंतुलनाची एवढी घरगुती आणि एवढी मूलगामी मांडणी त्या काळच्या पाश्चात्त्य विज्ञानकथेतही सहसा आढळणार नाही. शिवाय लेखिकेची नजर इतकी निर्मम आहे की नव्या समतोलातही कोणीतरी कोंडलेले आहेच, हे ती लपवीत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने कलकत्त्याला हाच अनुभव फार मोठ्या प्रमाणावर दिला. डिसेंबर १९४२ मध्ये शहरावर जपानी बाँब पडले. १९४३ च्या दुष्काळात बंगालमधील लक्षावधी माणसे मेली. युद्धाच्या गरजांसाठी धान्याची आणि नौकांची जी व्यवस्था लावली गेली, तिचा ह्या दुष्काळाशी निकटचा संबंध होता. युद्ध जिंकणाऱ्या पक्षाच्या राज्यात राहून ह्या शहराने पराभूताचे भोग भोगले. अशा शहरात १९४५ साली प्रेमेंद्र मित्र ह्यांच्या ‘मशा’ ह्या कथेतून घनादा अवतरला. बनमाली नस्कर लेनमधील बहात्तर क्रमांकाच्या मेसमध्ये राहणारा, शिशिरकडून सिगारेटी उसन्या घेणारा आणि त्यांचा हिशेब मात्र चोख ठेवणारा हा गृहस्थ आपण आयुष्यात एकच डास मारल्याचे सांगतो, आणि तो डास निघतो साखालिन बेटावरच्या एका जपानी शास्त्रज्ञाने घडवलेले संहारक अस्त्र. महासत्तांच्या प्रयोगशाळांत जे शिजते त्याचा निकाल घनादा एका थपडेत लावतो. मेसमधल्या तरुणांना ठाऊक आहे की तो थापा मारतो. तरीही ते ऐकतात. जगाच्या वाटणीत ज्यांचे मत कोणी घेतले नाही, त्यांनी संध्याकाळच्या अड्ड्यात ती वाटणी पुन्हा करून पाहिली, असा ह्या थापांचा अर्थ आहे.

अवकाशयुग सुरू झाल्यावर ही दृष्टी पृथ्वीबाहेर गेली. एप्रिल १९६१ मध्ये युरी गागारिनने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच वर्षी पुनरुज्जीवित झालेल्या ‘संदेश’ मासिकात सत्यजित राय ह्यांची ‘व्योमयात्रीर डायरी’ प्रसिद्ध झाली. दोन महासत्तांची चढाओढ चालू असताना प्रोफेसर शंकूचे रॉकेट गिरिडीहहून उडते. त्यात एक नोकर, एक मांजर आणि एक यंत्रमानव असतो. मंगळावरून पळ काढून ही मंडळी ताफा नावाच्या ग्रहावर पोचतात. तेथील मुंगीसारखे रहिवासी सौरमालेतील आद्य सुसंस्कृत लोक आहेत. ते सगळेच शास्त्रज्ञ असल्यामुळे त्यांची पंचाईत झाली आहे, म्हणून इतर ग्रहांवरून ते एकेक मंदबुद्धी माणूस निवडून आणतात. पृथ्वीवरून शंकूची निवड होते. रागावून शंकू आपले नस्यास्त्र चालवतो, पण ते व्यर्थ जाते. कारण त्या प्राण्यांना शिंकताच येत नाही. प्रगत आणि अप्रगत संस्कृतींची उतरंड लावणाऱ्या विचारसरणीवर एवढ्या थोड्या शब्दांत एवढा अचूक घाव क्वचितच घातला गेला असेल. पुढच्याच वर्षीच्या ‘बंकुबाबूर बंधू’मध्ये परग्रहावरचा प्रवासी बंगालमधल्या एका खेड्यातील बांबूच्या बनात उतरतो. त्याच्या येण्याने कोणत्याही राष्ट्राची सत्ता वाढत नाही. वकिलाच्या बैठकीत रोज टवाळी सोसणारा एक शाळामास्तर त्याच्या सांगण्यावरून ताठ उभा राहतो आणि तेवढ्या वर्तुळातील समतोल कायमचा बदलतो.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. दुर्बलांनी विनोदात शोधलेले हे समाधान आहे. सत्ता हाती नसलेल्याने सत्तेची थट्टा केली तर त्यात त्याचे काही पणाला लागत नाही. आक्षेपात तथ्य आहे. घनादाला आणि शंकूला जगावर राज्य करावयाचे नाही, कारण तशी शक्यताच त्यांच्या लेखकांपुढे नव्हती. सत्ता आपल्याच हाती आली तर काय, हा प्रश्न रोकेया विचारतात. त्यानंतरच्या बंगाली कथाकारांनी तो क्वचितच विचारला. मराठीत मात्र तो विचारला गेला, आणि म्हणूनच ही दोन साहित्ये शेजारी ठेवून वाचणे अगत्याचे आहे.

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) ह्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा अवकाशयानांची नाही, परंतु महायुद्धानंतरच्या सत्तासंतुलनाची ती मराठीतील कदाचित सर्वांत काटेकोर मांडणी आहे. एक इतिहाससंशोधक अपघाताने अशा जगात जाऊन पडतो, जेथे १७६१ च्या रणात विश्वासराव गोळीतून बचावले आणि मराठे जिंकले. ईस्ट इंडिया कंपनी मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा ठाण्यांपुरती उरली, दिल्लीचा बादशहा नामधारी राहिला आणि यथाकाळ देशात लोकशाही आली. एका गोळीच्या मार्गात केसभर फरक पडल्याने सबंध इतिहासाची दिशा बदलते, हा विचार नारळीकरांनी आधुनिक भौतिकीच्या आधाराने समर्थपणे मांडला आहे. मराठी वाचकाला ही कथा प्रिय आहे, ह्यात नवल नाही. पानिपत हे मराठी मनाचे न भरलेले शल्य आहे.

परंतु हीच कथा कोलकात्यात बसून वाचली असता तिच्यात एक रिकामी जागा दिसू लागते. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून येत होत्या. त्यांच्या भीतीने कलकत्त्यात १७४२ साली जो खंदक खणावयास घेतला, तो ‘मराठा डिच’ ह्या नावाने ओळखला गेला. तो पुरा झाला नाही आणि पुढे त्याच्या रेषेवरून सर्क्युलर रोड गेला. १७५१ साली अलिवर्दीखानाने दरसाल बारा लाख रुपये चौथ देण्याचे कबूल करून हा उपद्रव थांबवला. त्याच सुमारास गंगाराम नावाच्या कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ रचून ह्या स्वाऱ्यांतील जाळपोळ आणि लोकांची दाणादाण वर्णिली. ‘बर्गी’ हा मूळचा आपला ‘बारगीर’. बंगालमध्ये तो शब्द मुलांना भीती दाखवून झोपवण्यासाठी उरला. आता प्रश्न असा की, गंगाधरपंतांच्या त्या विजयी इतिहासात बर्दवानच्या शेतकऱ्याचे काय झाले? त्याची चौथ माफ झाली काय? कथेत त्याचा उल्लेख नाही. मराठ्यांच्या पारड्यात जे वजन पडले त्यात बंगालचा वसूलही होता, हे मराठी स्वप्नाला आठवत नाही.

नारळीकरांना दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. सत्तेच्या बंद दाराआडचे त्यांना चांगले दिसत होते, ह्याची साक्ष त्यांच्याच ‘धूमकेतू’ ह्या कथेत मिळते. तिचा नायक मनोज दत्त हा हौशी बंगाली आकाशनिरीक्षक. त्याने शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे गणित निघते, आणि तो अण्वस्त्रांच्या साहाय्याने वळवण्याची योजना शास्त्रज्ञांच्या एका गुप्त बैठकीत आखली जाते. दत्तला त्या बैठकीत स्थान मिळते, पण त्याची किंमत मौन ही असते. घरी त्याच्या पत्नीने यज्ञ करवलेला असतो आणि संकट टळल्याचे श्रेय त्या यज्ञाला जाते. वस्तू म्हणून तोलला जाणारा माणूस हाताच्या बाजूला जाऊन बसला की त्याला आपल्याच घरात खरे बोलता येत नाही. आणि ज्ञान कुलुपात राहिले की लोकांच्या वाट्याला यज्ञच उरतो, हे मराठी लेखकाने बंगाली घरात घडवून दाखवले आहे.

ही चर्चा आज केवळ वाङ्मयीन राहिलेली नाही. १९६७ च्या अवकाश-करारात अवकाशाचा शोध व उपयोग हे सर्व मानवजातीचे क्षेत्र मानले गेले; भारतानेही त्या करारावर सही केली. कक्षेत अण्वस्त्रे व इतर सर्वसंहारक शस्त्रे ठेवण्यास त्या कराराने बंदी घातली, पारंपरिक शस्त्रांस घातली नाही. मार्च २०१९ मध्ये भारताने आपलाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने पाडून दाखवला. अमेरिका, रशिया आणि चीन ह्यांच्यानंतर तो असे करणारा चौथा देश ठरला. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. दुसऱ्या घटनेचा अभिमान सर्वांनाच आहे आणि तो असावा. पण दोन्ही घटना मिळून एक गोष्ट सांगतात: भारत आता पारड्यातली वस्तू राहिलेला नाही, तराजू धरणाऱ्या हातांत त्याचाही हात आला आहे. गेल्या शंभर वर्षांत आपल्या विज्ञानकथेने जी दृष्टी कमावली, ती दुर्बलतेची देणगी होती. दुर्बलता सरल्यावर ती टिकेल की नाही, ही ह्या साहित्याची खरी परीक्षा आहे. आपल्याकडेही आता तारकासाम्राज्ये आणि विजयी आरमारे लिहिली जातील आणि विज्ञानकथा वयात आली म्हणून समीक्षक तिची पाठ थोपटतील, हा धोका काल्पनिक नाही.

त्यावरचा उपाय अभ्यासकांच्या हाती थोडासा आहे. विज्ञानकथेचे इतिहास आजही एकेका भाषेच्या चौकटीत लिहिले जातात: मराठीचा निराळा, बंगालीचा निराळा, आणि प्रत्येकाची तुलना परस्पर लंडन-न्यूयॉर्कशी. ‘आश्चर्य’ ह्या १९६३ साली सुरू झालेल्या बंगाली विज्ञानकथा-मासिकाचा मराठीच्या अभ्यासक्रमात उल्लेख नसतो, आणि मराठी विज्ञान परिषदेच्या ज्या स्पर्धेतून नारळीकरांसारखा कथाकार पुढे आला तिची वार्ता बंगाली अभ्यासकापर्यंत पोचत नाही. प्रत्येक भाषा मग आपल्याच विजयाचे स्वप्न पाहते आणि ते शेजारच्या भाषेत कोणत्या नावाने आठवले जाते, हे तिला कळत नाही. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ज्या वर्गात शिकवले जाते त्याच वर्गात त्याच आठवड्यात ‘महाराष्ट्र पुराण’ही वाचले जावे; आणि दोन्ही वाचून झाल्यावर त्या विजयी इतिहासातील बर्दवानच्या शेतकऱ्याची कथा विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावी. उद्याचा अवकाशातील विजय लिहिणारा लेखक त्याच वर्गात बसलेला असण्याची शक्यता आहे.