रुग्णाची साक्ष

सरकारी रुग्णालयात किती रुग्ण आले, किती खाटा भरल्या, याचे आकडे अहवालांत सापडतात. आलेल्या माणसाला तेथे काय सोसावे लागले, याला त्या अहवालांत रकानाच नसतो. सोलापुरातील विडी कामगार स्त्रीचेच पाहावे. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. केसपेपरच्या आणि औषधाच्या रांगेत दिवस गेला की त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या. सरकारच्या लेखी उपचार मोफत असतो. तिच्या लेखी तो मजुरीएवढा महाग असतो. म्हणूनच ती दुखणे अंगावर काढते आणि ‘अज्ञानी’ ठरते.

ही साक्ष ऐकण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. २००४ साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोग व जन स्वास्थ्य अभियान यांनी आरोग्यसेवेच्या हक्कावर जनसुनवाया घेतल्या. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार व तेव्हाचा उस्मानाबाद अशा पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने राज्यपातळीवर तिचे समन्वयन केले. गावकऱ्यांशी बोलून सेवेचे हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांतले प्रगतिपुस्तक तयार होई आणि अधिकाऱ्यांना जनसुनवाईत उत्तरे द्यावी लागत. परंतु ती योजना ग्रामीण भागाची. शुक्रवार पेठेतील हमाल किंवा पूर्व भागातील यंत्रमाग कामगार तिच्या कक्षेबाहेरच होता.

हे काम पक्षाच्या कार्यकर्त्यांना करता येईल. मात्र त्यासाठी मोर्च्याची सवय थोडी बाजूला ठेवावी लागेल. कार्यकर्ता बहुधा उत्तर खिशात घेऊनच प्रश्न विचारतो. ‘डॉक्टर हेळसांड करतात ना?’ असे विचारल्यावर होकाराशिवाय दुसरे काय मिळणार? ‘दुखणे सुरू झाल्यापासून काय काय घडले?’ एवढेच विचारून गप्प बसावे. पूर्व भागात तेलुगू जाणणारा सहकारी हवा, इतरत्र कन्नड जाणणारा. स्त्रियांच्या आजारांविषयी स्त्री कार्यकर्तीनेच, आणि सासू-शेजारणी जवळ नसताना बोलावे. एखाद्या परिचारिकेची स्तुती कानी आली तर तीही टिपावी.

चार-दोन कहाण्यांनी काय सिद्ध होते, असा आक्षेप येईल. किती जणांवर पाळी आली हे त्यांतून कळत नाही, हे खरेच. त्यासाठी मोजणीच हवी. पण नेमके काय मोजायचे, हे त्या कहाण्यांखेरीज ठरत नाही. बुडालेली मजुरी कोणत्याही सरकारी प्रपत्रात आपणहून आलेली नाही.

नावे गुप्त ठेवावीत. टिपण रुग्णाला वाचून दाखवावे, आणि त्याने खोडायला सांगितलेले वाक्य खोडावे, मग ते मोर्च्यासाठी कितीही उपयोगाचे असो.