शंभरात दोन, तरी भंडाऱ्याचेच

२०२५ च्या नोव्हेंबरात जोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले, त्या दिवशी आमच्या भंडाऱ्यातल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुबारकबादचा पूर आला. एकाने तर न्यूयॉर्क शहर पाच काउंट्यांचं मिळून बनलंय, अमेरिकेत बहुतेक काउंट्यांमध्ये शेरीफसुद्धा लोकच निवडतात, अशी सगळी माहिती टाकली. वाचून मला बरं वाटलं. मग सहज विचारलं, "आपल्या जिल्हा परिषदेत सदस्य किती?" ग्रुप एकदम शांत. थोड्या वेळाने एकाचं उत्तर आलं, "भाई, गूगल करू का?"

कर भाऊ, जरूर कर. बावन्न आहेत. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दूरच्या शहरात आपला कोणी जिंकला की आपल्याला जग आपलं वाटतं, आणि ज्या जिल्ह्यात आपले दादा-परदादा दफन आहेत तो मात्र आपण परका मानून बसलो आहोत.

याला कारण आहे, ते मला कळतं. मुलाखत असो की भाड्याचं घर, एक प्रश्न ठरलेला: "मूळचे कुठले?" आपण म्हणतो, "भंडाऱ्याचे." समोरचा हसून पुन्हा विचारतो, "हो, पण मूळचे?" दहा वेळा हे ऐकलं की माणूस मूळ शोधायला हैदराबाद, दिल्ली, अगदी अरबस्तानापर्यंत जाऊन येतो. पण आपल्याच तुमसर तालुक्यातल्या आंबागडाचा डोंगर तो चढत नाही.

आंबागडाचा किल्ला १७०० च्या सुमारास राजाखान पठाण या सुभेदाराने बांधला. सुभेदार कोणाचा? देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा. हा राजा औरंगजेबाच्या काळात मुसलमान झाला, त्यानेच पुढे नागपूर वसवलं, आणि तरी त्याचं राज्य गोंडांचंच राहिलं. म्हणजे गोंड घराणं, मुसलमान राजा, पठाण सुभेदार, आणि पायथ्याशी धान पिकवणारी रयत. यातलं कोण "मूळचं" आणि कोण बाहेरचं, हे ज्याला सांगता येईल त्याने सांगावं. त्याच्याही पलीकडे जायचं तर पवनीला जा. तिथे १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. आणि जिल्ह्याला तलावांचा जिल्हा का म्हणतात, तर कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून तलाव केले म्हणून. आज कागदोपत्री ते माजी मालगुजारी, बोलण्यात "मामा तलाव".

एक मात्र स्पष्ट करतो. राजाखान पठाण माझा कोणी लागत नाही. माझे दादा खांद्यावर पिंजण घेऊन लाखनी-साकोलीकडच्या गावांत गाद्या-रजया भरत फिरायचे. किल्ल्यावर हक्क सांगून आपण इथले ठरत नाही, आणि सांगायची गरजही नाही. त्या गावांतल्या घराघरांत दादांच्या हातची रजई होती, माझ्या इथलेपणाला तेवढा पुरावा पुरतो. किल्ला पाहायचा तो इतिहास कळावा म्हणून.

पुढचं भरभर सांगतो. गोंडांनंतर नागपूरकर भोसले आले. १८५४ मध्ये भोसल्यांचा वारस नाकारून इंग्रजांनी राज्य घेतलं, १८६१ ला मध्य प्रांत केला. भंडाऱ्याची नगरपालिका १८६७ ची, म्हणजे पुष्कळ मोठ्या शहरांच्या बरोबरीची जुनी. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ ला त्यातून गोंदिया वेगळा झाला. आता भंडाऱ्यात सात तालुके उरलेत: भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर.

आणि १९५४. त्या वर्षी भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर बाबासाहेब हरले. ज्यांनी राज्यघटना लिहिली त्यांना आपल्या जिल्ह्याने परत पाठवलं. हे वाचलं की मला प्रत्येक वेळी थोडी शरम वाटते, आणि हेही कळतं की कितीही मोठा माणूस असला तरी मतांची मोजणी झाल्याशिवाय काही ठरत नाही.

मोजणीवरूनच मुद्द्यावर येतो.

२०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ होती. दहा वर्षांत वाढ साडेपाच टक्क्यांच्या वर थोडीच, तेव्हा राज्याची वाढ जवळपास सोळा टक्के. लोक इथून नागपूरला, पुण्याला जातात हे सांगायला आकडा लागत नाही, सकाळची बस पाहिली तरी पुरे. शंभरातले ऐंशी लोक खेड्यात राहतात. बौद्ध साधारण तेरा टक्के, आणि मुसलमान साधारण दोन. राज्यात आपण साडेअकरा टक्के आहोत, भंडाऱ्यात दोन.

हा दोनचा आकडा आपण ढालीसारखा वापरतो. "आपण किती आहोत? आपल्याला कोण विचारतो?" लोकसभेच्या हिशेबात ते खरंही असेल. पण जिल्हा लोकसभेवर चालत नाही. आपल्याकडे कलेक्टर नेमला जातो, अमेरिकेतल्या शेरीफसारखा निवडला जात नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं की जिल्हा म्हणजे कलेक्टर कचेरी, तिथे निवेदन द्यायचं, फोटो काढायचा आणि घरी यायचं. खरं तर १९६१ च्या कायद्याने महाराष्ट्रात एक वेगळंच सरकार जिल्ह्यात बसवलंय: जिल्हा परिषद, तिच्याखाली तालुक्याची पंचायत समिती. गावाची ग्रामपंचायत १९५८ च्या कायद्याने. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावचा रस्ता, पाणी, अंगणवाडी ही सगळी कामं तिथली. जिल्हा सामान्य रुग्णालय मात्र राज्य सरकारच्या आरोग्य विभागाचं. हा फरक माहीत नसला की आपण चुकीच्या दारावर डोकं आपटत राहतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली, तेव्हा जिल्ह्यातला प्रत्येक माणूस विचारत होता: जाब कोणाला विचारायचा? त्या वेळी जिल्हा परिषदेत तर निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. मुदत २०२० मध्येच संपली होती आणि कारभार प्रशासक पाहत होते.

गावपातळीवरचा एक अनुभव सांगतो, गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या कब्रस्तानाकडे जाणारी वाट पावसाळ्यात चिखलाने बंद व्हायची. मय्यत गुडघाभर पाण्यातून न्यावी लागायची. आठ-नऊ वर्षं जमातीने आमदारांना अर्ज दिले, मंत्र्यांना दिले, एकदा मुंबईलाही पाठवला. ग्रामसभेत मात्र विषय एकदाही मांडला नव्हता. का? "तिथे आपलं कोण ऐकणार?" शेवटी चार पोरं आणि तीन बाया गेल्या. त्यातली एक अंगणवाडी सेविका. ती आधी महिला सभेत बोलली, मग ग्रामसभेत. कोणी विरोध केला नाही. एक म्हातारे पाटील तर म्हणाले, "आतापावेतो सांगितलं काऊन नाही?" वाट गावाच्या विकास आराखड्यात आली. काम व्हायला आणखी दोन वर्षं गेली ही गोष्ट वेगळी.

ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यातली जी संख्या कमी असेल ती. वर्षात किमान चार सभा. कित्येक गावांत शंभर माणसंही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे वीस-पंचवीस माणसं गावाचा वर्षाचा आराखडा ठरवतात. त्या वीसमध्ये तुमची सात असतील तर टक्केवारी कुठे राहिली? आणि स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. आपल्या किती घरांत मुलीला सांगितलं जातं की हे दार तुझ्यासाठी उघडं आहे? आपल्या मोहल्ल्यांत बारावीला मुली मुलांच्या पुढे असतात, आणि सभेला पाठवायची वेळ आली की घरात अचानक पाहुणे येतात.

आता जातीचं. हे काहींना कडू लागेल.

डिसेंबर २०२१ मध्ये भंडारा जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की स्थानिक संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणाला मागासलेपणाची प्रत्यक्ष माहिती हवी. राज्याकडे ती नव्हती. त्यामुळे आपल्या जिल्हा परिषदेतल्या ओबीसी जागांची निवडणूक थांबली, त्या जागा सर्वसाधारण झाल्या आणि मतदान १८ जानेवारी २०२२ ला वेगळं घ्यावं लागलं. आकडे नव्हते म्हणून जागा गेल्या. ज्यांच्या गेल्या त्यात कुणबी होते, तेली होते, पोवार होते, कोष्टी होते, आणि कायद्याने आपले मोमीन, पिंजारी, कुरेशीही. फक्त आपल्याला ते कळलंच नाही, कारण त्या जागा आपल्याही आहेत हे आपल्याला ठाऊक नव्हतं.

२०२७ च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे. घरांची यादी आधी, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. आत्तापासूनच काही लोक सांगताहेत की इस्लाममध्ये जात नाही, तेव्हा फक्त "मुस्लिम" लिहा. इस्लाममध्ये जात नाही हे मलाही शिकवलंय आणि मी ते मानतो. पण रिश्ता ठरवताना "बिरादरी कोणती?" हे याच लोकांनी मला विचारलेलं आहे. धर्माचा रकाना वेगळा, जातीचा वेगळा. जातीत पिंजारी लिहिल्याने धर्मात एकही मुसलमान कमी होत नाही. उलट न लिहिल्याने गाद्या भरणाऱ्याचा नातू सरकारच्या लेखी जमीनदाराच्या नातवाच्या रांगेत जाऊन बसतो.

आकडा काय सांगू शकतो ते जुन्या भंडाऱ्यात पाहा. १८९१ मध्ये, आजचा गोंदिया धरून, जिल्ह्यात ७ लाख ४२ हजार माणसं होती. १९०१ मध्ये ६ लाख ६३ हजार. मधल्या दहा वर्षांत दोन मोठे दुष्काळ येऊन गेले. त्या मेलेल्यांची नावं कुठे नाहीत. ते होते हे आज आपल्याला कळतं, कारण कोणीतरी दोन्ही वेळा दारोदार जाऊन मोजलं होतं.

आमच्या घरी यावर चर्चा सुरू झाली आहे. अम्मी म्हणते पिंजारी लिहा, दादा तेच म्हणायचे. अब्बांना मन्सूरी हवं, ते ऐकायला बरं वाटतं. धाकटा भाऊ यादी घेऊन बसलाय की सरकारी कागदावर दोन्ही नावं एकाच ओळीत आहेत का, कारण अर्ध्या बिरादरीने एक लिहिलं आणि अर्धीने दुसरं, तर मोजणारा आपल्याला दोन समजेल. जुम्म्यानंतर मोहल्ल्यातल्या बाकीच्या घरांनाही विचारायचं ठरलंय. अजून अब्बा मानलेले नाहीत.