दोन बिऱ्हाडे, एक पिंजरा

वर्गात तपोवनाचे वर्णन शिकवताना वाघ-हरिणांना एका पाणवठ्यावर आणणे सोपे असते. तोच प्रयोग मी घरी केला. धाकटीच्या हट्टाखातर ससा आणि गिनीपिग आणले आणि काटकसर म्हणून एकाच पिंजऱ्यात ठेवले. दोघेही गवत खाणारे, भांडतील कशाला? "बघ, कसे गुण्यागोविंदाने नांदताहेत!" असे आमच्या हिला ऐकवलेही.

महिन्याभरात गिनीपिग धापा टाकू लागले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, हे सहवासाचं दुखणं. सशाच्या नाकाघशात पुष्कळदा बोर्डेटेला नावाचे जंतू असतात. त्याला सहसा काही होत नाही. याला मात्र न्यूमोनिया होतो. शिवाय ससा क जीवनसत्त्व अंगातच तयार करतो. याला ते, तुमच्याआमच्यासारखंच, खाण्यातून मिळावं लागतं. सशाचं खाणं याला कसं पुरणार?"

औषध दिले, पण ते वाचले नाही.

"बाबा, सशानं मारलं का हो त्याला?" धाकटीने विचारले.

"नाही ग, माझ्या काटकसरीनं," एवढेच मला म्हणता आले.

वाचकहो, शेजार जरूर असावा. पण बिऱ्हाडे वेगळी हवीत!