डोंगराचे मोल, मोजपट्टी कोणाची?

लातूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, नांदेडच्या सीमेलगत असलेला जळकोट तालुका हा बालाघाटच्या डोंगररांगांचा व माळरानांचा प्रदेश. तेथील उतारांवरचे गवत शेळ्यामेंढ्यांना चारा देते, पावसाचे पाणी जमिनीत मुरवते आणि माती धरून ठेवते. या लाभांना शास्त्रीय परिभाषेत ‘परिसंस्था सेवा’ म्हणतात. २००५ च्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनाने ही संकल्पना धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचवली. मात्र या सेवांचे मोल कोणत्या पद्धतीने ठरवावे आणि ती पद्धत कोणी निवडावी, हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. चाऱ्याचे मोल बाजारभावाने काढता येते. मुरलेल्या पाण्याचे मोल टँकरच्या खर्चावरून अजमावता येते. परंतु डोंगरावरील देवस्थानाविषयीची श्रद्धा रुपयांत कशी मांडणार? वनजमीन अन्य कारणासाठी वळवताना आकारल्या जाणाऱ्या ‘निव्वळ वर्तमान मूल्या’चे उदाहरण बोलके आहे. २०२२ मध्ये केंद्राने हे दर सुधारले. ते वनाचा प्रकार व घनता यांवर ठरतात. साहजिकच विरळ जंगलाला कमी दर मिळतो. त्याच विरळ रानावर एखाद्या धनगर कुटुंबाची गुजराण होते, ही बाब या कोष्टकात उमटत नाही.

जागतिक चित्रही फारसे वेगळे नाही. जैवविविधता व परिसंस्था सेवांविषयीच्या आंतरशासकीय मंचाने २०२२ मध्ये एक हजारांहून अधिक मूल्यांकन-अभ्यास तपासले. निष्कर्षांबाबत संबंधितांशी सल्लामसलत करणारे अभ्यास अवघे दोन टक्के, तर प्रत्येक टप्प्यावर त्यांना सहभागी करून घेणारे केवळ एक टक्का निघाले.

महाराष्ट्राला मात्र पर्यायाचा अनुभव आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरेबाजारमध्ये दरवर्षी पावसाची नोंद घेऊन पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यानुसार पिके ठरतात. मोजणीत गावाचा वाटा असल्यामुळे तिच्यातून निघणारी बंधनेही गाव स्वीकारते. याउलट, २००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावोगावी अपेक्षिलेल्या लोकजैवविविधता नोंदवह्या अनेक ठिकाणी मुदतीच्या घाईत उरकल्या गेल्या.

अर्थात ग्रामसभा हा रामबाण उपाय नव्हे. तेथे बागायतदाराचा आवाज मोठा असतो. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणारा मजूर आणि कळपामागे फिरणारा मेंढपाळ बहुधा अनुपस्थित असतो. म्हणूनच सहभागाची वेळ, स्थळ आणि भाषा यांचाही विचार व्हायला हवा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्याची वेळ लातूरवर आली, तेव्हा शहराला पाण्याची किंमत कळली. ते पाणी मुरवणाऱ्या डोंगरउतारांचे मोल ठरवताना तेथील माणसांना अखेरच्या सहीपुरते नव्हे, तर मोजपट्टी निवडण्यापासूनच सामावून घेणे आवश्यक आहे.