वरचा मजला कोणाचा?

जगातली सर्वांत उंच इमारत कोणती, असं विचारलं तर फर्स्ट इयरचा मुलगा झोपेतसुद्धा सांगेल, बुर्ज खलिफा, ८२८ मीटर! तिच्यासाठी काँक्रीट ६०६ मीटर उंचीपर्यंत पंप केलं, तिचा प्लॅन इंग्रजी 'वाय'सारखा तीन पाकळ्यांचा आहे, हेही आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असतं. पण अशा इमारतीच्या वर जाऊन खाली बघण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न आपल्याला ना सिलॅबसमध्ये भेटतो, ना व्हायव्हात. मला तो गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पडला आणि तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. शहर उंच वाढत असेल तर त्या उंचीतला थोडा तरी वाटा सर्वांना मिळाला पाहिजे, आणि तो तिकिटाच्या खिडकीवर अडता कामा नये.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे 'व्ह्यू'ला नेमका मराठी शब्द कोणता, यावर रूममेटशी अर्धा तास वाद झाला. 'देखावा' म्हटलं तर गणपतीचा वाटतो, 'दृश्य' म्हटलं तर सिनेमातलं. शेवटी 'नजारा' पास झाला! तेव्हा संपादक मॅडम, शुद्धलेखनाकडे जरा प्रेमाने बघावे ही विनंती.)

तर, आमचे मामा गेली नऊ वर्षं दुबईत आहेत. एसीच्या डक्टिंगचं काम करतात. हेल्पर म्हणून गेले, आता सुपरवायझर झाले. गेल्या मे महिन्यात त्यांनी आजीला आणि मला बोलावून घेतलं. मे महिन्यात दुबई? असं सगळ्यांनी विचारलं. पण अकोल्याचं ऊन सोसलेल्या माणसाला दुबईचं काय कौतुक!

बुर्ज खलिफाच्या गॅलरीत जायचा रस्ता दुबई मॉलमधून आहे. मामांनी दोनच तिकिटं काढली, एक आजीचं आणि एक माझं. स्वतः ते खालीच थांबले. नऊ वर्षांत ते एकदाही वर गेलेले नव्हते. मी म्हटलं, "मामा, तुम्ही पण चला ना." तर हसून म्हणाले, "आपन तं रोजच वर राह्यतो बाप्पा! काच लागेपर्यंत टॉवर आपला, काच लागली का मालकाचा."

लिफ्ट सेकंदाला दहा मीटर वेगाने जाते. सुमारे एका मिनिटात १२४ वा मजला! आजीच्या कानाला दडे बसले. बाहेर आलो तेव्हा आम्ही जमिनीपासून ४५२ मीटरवर होतो. इथे एक सोपा फॉर्म्युला सांगते. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, म्हणजे क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळतं. ४५२ मीटरवरून हे उत्तर जवळजवळ ७६ येतं. म्हणजे अकोल्याला उभं राहून जवळपास बडनेरा दिसावा इतकं! अर्थात धूळ नसेल तर.

आजीने काचेला नाक लावून एक चक्कर मारली आणि म्हणाली, "एवढे पैसे देऊन आपन खालीच पाह्याले आलो काय व माय?" मला हसू आवरेना. पण मग ती बराच वेळ एकाच बाजूला उभी राहिली आणि हळूच विचारलं, "माया पोरगा कुठीसा असन व खाली?" कारंज्याचं तळं दिसत होतं, रस्ते दिसत होते, गाड्या मुंगीएवढ्या दिसत होत्या. माणूस मात्र तिथून ओळखू येत नाही.

वर कॉफीचीही सोय होती. मी दर वाचला, मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि पुढे सरकले. १२२ व्या मजल्यावर रेस्टॉरंट आहे, आणि गॅलरीचं तिकीट सूर्यास्ताच्या वेळी सगळ्यात महाग असतं. म्हणजे बघा, सूर्य तोच, मावळणं तेच, पण त्याचाही रेट वेगळा! मला यात कोणाला दोष द्यायचा नाही. धंदा आहे, त्यांनी करावा. पण ही इमारत बांधणारे बहुतेक हात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ इकडचे होते. मार्च २००६ मध्ये त्याच साइटवरच्या कामगारांनी पगार आणि वागणुकीवरून काम बंद पाडलं होतं. ज्यांनी एकेक मजला चढवला त्यांच्यातले किती जण नंतर तिकीट काढून वर आले असतील? मामांचं 'काच लागली का मालकाचा' हे वाक्य एका इमारतीपुरतं नाही, हे मला तिथे कळलं.

मुळात उंच इमारतीवर गॅलरी कशासाठी ठेवतात? हौस म्हणून? मुळीच नाही. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ साली उघडली तेव्हा जगात मंदी होती. ऑफिसं रिकामी पडली, लोक तिला 'एम्प्टी स्टेट' म्हणून चिडवू लागले. पण ८६ व्या मजल्यावरच्या गॅलरीत बघ्यांची गर्दी होती. पहिल्या वर्षी नुसत्या तिकिटांतून जवळपास भाड्याइतकाच पैसा जमला. तेव्हापासून जगभरच्या बिल्डरांना समजलं की नजारा हासुद्धा विकायचा माल आहे.

पण तो विकलाच पाहिजे, असं थोडंच आहे? टोकियो शहराच्या सरकारी मुख्यालयात ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, लोकांसाठी गॅलरी आहे, आणि ती चक्क फुकट आहे. लिफ्टने वर जा, बघा, परत या. कल्पना करा, आपल्या कलेक्टर ऑफिसात दाखल्याच्या रांगेऐवजी गच्चीची रांग! दुसरं उदाहरण लंडनचं. तिथल्या 'वॉकी-टॉकी' नावाच्या इमारतीची गोष्ट आपल्याला इंजिनिअर म्हणून माहीत असायलाच हवी. तिच्या वक्र काचेने आरशासारखं ऊन एकवटलं आणि २०१३ साली खाली उभ्या असलेल्या एका जग्वार गाडीचे भाग वितळले! पण त्याच इमारतीच्या माथ्यावर २०१५ पासून 'स्काय गार्डन' आहे. आधी वेळ ठरवून बुकिंग करायचं, पैसे लागत नाहीत. वर कॅफे आहे. कॉफी हवी तर विकत घ्या, नको तर नुसतं बघा. आणि हे कोणी दानधर्म म्हणून केलेलं नाही. एवढी उंच इमारत बांधायची परवानगी मिळाली, त्यात वरची बाग लोकांसाठी खुली ठेवायची हे कबूल करून घेतलेलं होतं.

आता आपल्याकडे या. देशातले सर्वांत जास्त टॉवर मुंबईत आहेत, आणि त्यातले कितीतरी लोअर परळ, वरळी भागात बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीवर उभे आहेत. वर्ल्ड वन हा २८० मीटरचा टॉवर श्रीनिवास मिलच्या जागेवर आहे. या गिरण्यांशी आपलं नातं काय? कापूस, मित्रांनो, कापूस! अकोला, अमरावतीच्या जिनिंगमधून गाठी बांधून जो कापूस जायचा, त्यावर त्या गिरण्यांचे साचे चालले. आपल्या आजोबा-पणजोबांनी पिकवला, गिरणगावातल्या कोणाच्या तरी आजोबांनी त्याचा कपडा विणला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या, चिमण्या पडल्या, टॉवर उभे राहिले. त्यांच्या वरच्या मजल्यांवर सगळ्यात महाग घरं आहेत. पिकवणाऱ्याला, विणणाऱ्याला तिथून समुद्र बघायचा असेल तर? वॉचमन गेटवरच विचारतो, "किसके घर जाना है?"

यावर कोणी म्हणेल, खासगी इमारत आहे, जबरदस्ती कशी करणार? पण उंची ही पूर्णपणे खासगी कधीच नसते. ती एफएसआयने मिळते, आणि एफएसआय सरकार देतं. मुंबईत बिल्डरने सार्वजनिक पार्किंग बांधून दिलं तर त्याला जादा एफएसआय देण्याचा नियम होता. म्हणजे गाडीला जागा दिली तर चार मजले वर चढवा! मग माणसाला नजारा दिला तर का नाही? ठरावीक उंचीच्या वरच्या प्रत्येक इमारतीने माथ्याजवळची एक जागा आठवड्यातून दोन दिवस, बुकिंग करून, लोकांना खुली करावी. लिफ्ट वेगळी ठेवा, वेळ ठरवा, ओळखपत्र बघा. पण उघडा.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. फुकट ठेवलं की लोक पिचकाऱ्या मारतील, काचेवर बदाम काढून नावं कोरतील. हो, कोरतात, गाविलगडच्या भिंती बघा! पण बुकिंग आणि मोजकी माणसं असली की हे आटोक्यात राहतं. मलबार हिलवर मार्च २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने झाडांमधून जाणारा ४८५ मीटरचा लाकडी उंच रस्ता सुरू केला, त्याचं तिकीट भारतीयांना २५ रुपये ठेवलं. पंचवीस रुपये! म्हणजे मनात आणलं तर सरकारला जमतं.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि त्यावर मी थट्टा करणार नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. सुमारे ८५ मीटर, त्या काळी केवढी ती उंची! पुढे वरून पडून दुर्घटना झाल्या आणि जिना लोकांसाठी बंद झाला. त्या काळी कुलूप हाच उपाय होता. आज आपल्याकडे टफन्ड ग्लास आहे, जाळी आहे, कॅमेरा आहे, माणसं मोजणारं गेट आहे. धोका दिसला की दार बंद करणं हे वॉचमनचं काम झालं. दार उघडं ठेवून धोका कमी करणं, हे इंजिनिअरचं काम.

आता कोणी विचारेल, वऱ्हाडात कुठे आहेत ग टॉवर? टॉवर नसतील, उंची भरपूर आहे! चिखलदरा समुद्रसपाटीपासून १११८ मीटरवर, अमरावती ३४३ मीटरवर. म्हणजे एसटीचं तिकीट काढून परतवाड्यामार्गे आपण पावणेआठशे मीटर वर चढतो, जवळपास अख्खा बुर्ज खलिफा! आणि कॉफी म्हणाल तर तिथे ती नुसती मिळत नाही, पिकते. पंचबोल पॉइंटच्या आसपास कॉफीचे मळे आहेत, हे आपल्या होस्टेलमधल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. अकोटच्या बाजूला नरनाळा आहे, अकोल्यात मोर्णेकाठी असदगड आहे, अमरावतीत मालटेकडी आहे. या सगळ्या आपल्या वाडवडिलांनी ठेवलेल्या गॅलऱ्याच की!

म्हणूनच चिखलदऱ्याच्या स्कायवॉकबद्दल मला कळकळ वाटते. सिडकोने हाती घेतलेला हा काचेचा पूल ४०७ मीटर लांबीचा आहे. वन्यजीव विभागाच्या परवानग्यांसाठी तो बराच रखडला, आणि मेळघाटचं जंगल आहे म्हटल्यावर त्या परवानग्या हव्याच होत्या. माझं म्हणणं एवढंच आहे की, तिथल्या कोरकू गावांतल्या मुलांना त्यावर मोफत जाता आलं पाहिजे, आणि पुलाच्या टोकाला कॉफीची टपरी लागेल ती त्याच गावांतल्या बचत गटाची असली पाहिजे. ज्यांच्या दरीवरून काच टाकायची, त्यांनीच खाली उभं राहून वर बघत राहायचं, हे दुबईत घडलं तर आपण हळहळतो. आपल्या जिल्ह्यात घडू द्यायचं का?

आणि जाता जाता अगदी जवळचा वरचा मजला. आपल्या होस्टेलच्या गच्चीला वर्षानुवर्षं कुलूप आहे. कारण सांगतात, कठडा ठेंगणा आहे. मान्य! पण कठडा ठेंगणा असेल तर तो उंच करता येतो ना? वॉर्डन सर आणि मॅडम यांना नम्र विनंती आहे. सिव्हिलची मुलंमुली कठडा मोजून देतील, जाळीचं ड्रॉइंग आणि एस्टिमेट करून देतील, मेकॅनिकलवाले वेल्डिंग करतील, इलेक्ट्रिकलवाले दिवे लावतील. सबमिशन म्हणून चालवून घ्या, म्हणजे मार्कही मिळतील! मग रोज संध्याकाळी साडेपाच ते सात गच्ची उघडा, रजिस्टर ठेवा, एका वेळी तीस जण. चहा आम्ही मेसमधून थर्मासमध्ये घेऊन येऊ.

उद्या आपल्यापैकी कोणी टॉवर डिझाइन करेल, कोणी नगरपालिकेत परवानगीच्या फाइलवर सही करेल. वरचा मजला सर्वांसाठी उघडा ठेवायची सवय हाताला आधी लागलेली बरी. सुरुवात आपल्याच गच्चीपासून करू या. कुलपाची किल्ली ऑफिसात आहे, असं ऐकते!